वाचकांचे प्रश्न : कल्चर क्लिअर आलं, मग जळजळ का जात नाही?

गेल्या अंकात लघवीच्या इन्फेक्शनबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एकच ओळ टाकली होती, की लघवीची जळजळ दर वेळी साध्या इन्फेक्शनची असते असं नाही, कधीकधी ती शरीरसंबंधातून लागलेली असते. त्या एका ओळीवर जी पत्रं आली ती वाचून मी बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवले. बहुतेकांनी नाव लिहिलेलं नाही, ज्यांनी लिहिलंय त्यांचं मी छापत नाहीये आणि ओळख पटेल अशा खुणाही काढून टाकल्यात. इतकं मोकळं लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार, यातल्या निम्म्या लोकांनी ही गोष्ट घरात काय, डॉक्टरलाही सांगितलेली नव्हती.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी २७ वर्षांचा आहे, लग्न झालेलं नाही. दीड महिना झाला, लघवीला गेलं की सुरुवातीलाच जळजळ होते, आधी वाटलं उन्हाळी लागली असेल म्हणून पाणी वाढवलं, काही फरक पडला नाही, मग डॉक्टरकडे गेलो त्यांनी युरीन रुटीन आणि कल्चर करायला सांगितलं, रुटीनमध्ये पस सेल्स १५-२० आले पण कल्चरमध्ये काहीच नाही, नो ग्रोथ असं लिहिलंय. पाच दिवसांचा कोर्स घेतला, थोडं कमी झालं आणि परत सुरू. आता सकाळी उठल्यावर टोकाशी चिकट पांढुरकं काहीतरी दिसतं, कपड्याला डाग पण पडतो. ही धात जातेय का? मित्र म्हणतो स्टोन असेल. एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही, दोन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीशी संबंध आला होता, कंडोम सुरुवातीला नव्हता नंतर लावला. ते सांगायला पाहिजे होतं का?

उत्तर : हो, सांगायला पाहिजे होतं. रागावत नाहीये, पण तुमच्या सगळ्या पत्रात डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असतं ते शेवटचं वाक्य, आणि नेमकं तेवढंच तुम्ही घरी ठेवून गेलात.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवून बघा. जळजळ लघवीच्या सुरुवातीला होते, लघवीत पू आहे पण कल्चरमध्ये जंतू वाढला नाही, आणि सकाळी टोकाशी चिकट स्राव दिसतो. हे चित्र मूत्राशयाच्या इन्फेक्शनपेक्षा मूत्रमार्गाच्या सुजेचं जास्त वाटतं, म्हणजे लघवी बाहेर येते त्या नळीच्या आतल्या अस्तराची सूज, डॉक्टर त्याला युरेथ्रायटिस म्हणतात. पुरुषांची ही नळी लांब असते त्यामुळे तरुण निरोगी पुरुषाला साधं युटीआय, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, फारसं होत नाही, बायकांना होतं तसं वारंवार तर नाहीच. म्हणून तरुण पुरुष जळजळ घेऊन आला की संबंधांबद्दल विचारायलाच पाहिजे, आणि डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. माझा अनुभव असा की विचारणारा आणि सांगणारा दोघंही संकोचतात आणि मग एकामागून एक चुकीचे कोर्स होत राहतात.

धातीचं म्हणाल तर वीर्य आपोआप गेल्याने जळजळ होत नाही आणि लघवीत पस सेल्सही वाढत नाहीत. स्टोनची कळ साधारण कमरेच्या बाजूने जांघेकडे येते, स्टोनमुळे टोकाशी पांढरा चिकट स्राव येत नाही.

आता कल्चर क्लिअर का, हा खरा प्रश्न. नेहमीच्या कल्चरमध्ये लघवीचा थेंब एका प्लेटवर पसरतात, प्लेटवर जंतूंचं खाद्य असतं, एक-दोन दिवसांत जे वाढेल ते बघतात. ई कोलायसारखे नेहमीचे जंतू तिथे मजेत वाढतात. पण अशा सुजेमागे वारंवार सापडणारा जंतू म्हणजे क्लॅमिडिया, आणि तो वेगळाच प्राणी आहे, त्याला वाढायला जिवंत पेशीच लागते, पेशीच्या बाहेर तो वाढू शकत नाही. तो आपल्या अस्तराच्या पेशीत शिरतो, आत एक पिशवीसारखी जागा करून राहतो, तिथे दोन-तीन दिवस संख्या वाढवतो, मग पेशी फोडून बाहेर येतो आणि शेजारच्या पेशी धरतो. प्लेटवर तो कितीही दिवस ठेवला तरी दिसणार नाही. १९०७ मध्ये जावा बेटावर हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपरी (ट्रॅकोमा) झालेल्या डोळ्यातल्या पेशींमध्ये या जंतूचे पुंजके पहिल्यांदा बघितले, त्यांना ते पांघरूण घेतल्यासारखे वाटले म्हणून झग्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव पडलं. हो, तोच हा जंतू, डोळ्यांची खुपरी करणारे आणि मूत्रमार्गाची सूज करणारे त्याचे प्रकार वेगवेगळे आहेत एवढंच. १९५७ मध्ये चीनमध्ये तांग फेइफान यांच्या टीमने तो कोंबडीच्या अंड्यात वाढवल्याचं प्रसिद्ध झालं, तोपर्यंत पन्नास वर्षं तो कोणाला प्रयोगशाळेत वाढवताच आला नव्हता, आणि त्यानंतरही बरीच वर्षं कित्येक जण त्याला व्हायरसच समजत होते. इतका हुलकावणी देणारा जंतू तुमच्या साध्या कल्चरमध्ये सापडला नाही यात लॅबची काही चूक नाही.

पण मी पत्र वाचून क्लॅमिडियाच आहे असं ठरवत नाहीये. गोनोरिया म्हणजे परमा असू शकतो, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा जंतू असू शकतो, ट्रायकोमोनास असू शकतो, कधी हर्पिसचा व्हायरसही असतो, आणि बऱ्याच पेशंटमध्ये सगळ्या टेस्ट करूनही कारण हाती लागत नाही. ढोबळ फरक सांगायचा तर गोनोरिया संबंधानंतर दोन ते पाच दिवसांत उठतो आणि पू घट्ट, पिवळसर, भरपूर येतो, क्लॅमिडिया एक ते तीन आठवडे घेतो आणि स्राव पातळ, पांढुरका, कधी फक्त सकाळीच दिसेल इतका. तुमचं दुसऱ्या चित्राशी जास्त जुळतंय. तरी नुसतं बघून ठरवू नये, दोन्ही एकाच वेळी असणं अजिबात दुर्मिळ नाही.

टेस्ट कोणती, तर नाट. यात जंतू वाढवत नाहीत, त्याचा जनुकीय अंश शोधतात, लघवीच्या सँपलवर होते. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण यात कित्येकांचा गोंधळ होतो. कल्चरसाठी आपण पहिली धार सोडून मधली धार देतो, या टेस्टला बरोबर उलटं करायचं. आपल्याला मूत्रमार्गातला जंतू हवाय, तो पहिल्या धारेबरोबर धुऊन येतो, म्हणून पहिली २० ते ३० मिली लघवीच डबीत घ्यायची, आणि त्याआधी किमान एक तास लघवीला गेलेलं नको. भरपूर पाणी पिऊन डबी काठोकाठ भरून दिली की सँपल पातळ होतं आणि असलेला आजार सुटू शकतो. बरोबरीने गोनोरियाची टेस्ट, आणि रक्ताची एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट करून घ्या, एक लागलं असेल तर दुसरंही त्याच वाटेने आलेलं असू शकतं.

क्लॅमिडिया निघाला तर औषध साधं आहे, डॉक्सीसायक्लिन १०० मिलीग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. बरेच वर्ष अझिथ्रोमायसिन १ ग्रॅमचा एकच डोस देऊन काम भागवायचे, पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये डॉक्सीसायक्लिनला पहिली पसंती दिली कारण त्याने हा जंतू जास्त खात्रीने जातो. गोनोरिया असेल तर सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन लागतं आणि ते इंजेक्शन क्लॅमिडियाला पुरत नाही, म्हणून बऱ्याचदा दोन्ही देतात. तुमच्या पाच दिवसांच्या कोर्सने अर्धवट फरक का पडला तेही यातच आलं, लघवीच्या इन्फेक्शनची बरीच नेहमीची औषधं पेशीच्या आत लपलेल्या या जंतूपर्यंत नीट पोचत नाहीत किंवा त्याला लागू पडत नाहीत.

डॉक्सीसायक्लिनची गोळी पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर बसून घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर छातीत भयंकर जळजळ होते, हे मी खूप पेशंटमध्ये बघितलंय. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीची औषधं तिच्याबरोबर नकोत, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हात त्वचा पटकन भाजते तेवढं सांभाळा. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबेल आणि तुम्हाला वाटेल झालं आता, तरी सातही दिवस घ्यायच्या. कोर्स संपेपर्यंत कुठलाही संबंध नाही, कंडोम लावूनही नाही. आणि एक, स्राव येतोय का बघायला दिवसातून दहा वेळा दाबून पिळून बघू नका, जे काळजीत असतात ते हमखास करतात, त्यानेच नळी चुरचुरायला लागते आणि बरं झालेलं दुखणं चालूच राहिल्यासारखं वाटतं.

शेवटचं, त्या मैत्रिणीला कळवा. तुम्हाला जळजळ झाली म्हणून तुम्ही डॉक्टरकडे गेलात, तिला कदाचित काहीच होत नसेल.

प्रश्न : मॅडम, लग्नाला १४ महिने झाले. संबंधानंतर दोन-तीनदा थोडं रक्त दिसलं म्हणून गायनॅककडे गेले, त्यांनी स्वॅब घेतला, क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. मिस्टरांची टेस्ट निगेटिव्ह आली. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे, ते म्हणतात माझी निगेटिव्ह आणि तुझी पॉझिटिव्ह म्हणजे सरळ आहे. मी कोणाकडे गेलेली नाही हो. लग्नाआधी माझं एक नातं होतं, ते त्यांना माहीत आहे, त्यांचंही होतं. त्यांनी गोळ्या घ्यायला नकार दिलाय. मला रात्र रात्र झोप लागत नाही, मला मूल होणार नाही का हेही सतत डोक्यात येतं.

उत्तर : तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आधी हे ऐका आणि जमलं तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा. तो रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की त्या दिवशी तुमच्या शरीरात हा जंतू होता. कधी आला ते तो सांगत नाही, कोणाकडून आला तेही सांगत नाही, अशी कुठली टेस्टच नाहीये. क्लॅमिडिया गप्प बसून राहण्यात पटाईत आहे, बहुतेक बायकांना आणि जवळजवळ निम्म्या पुरुषांना काहीही लक्षण नसतं, आणि औषध न घेता तो कित्येक महिने, काहींमध्ये वर्षाहून जास्त अंगात राहतो. १४ महिन्यांच्या लग्नात तो दोघांपैकी कोणाच्याही आधीच्या नात्यातून आलेला असू शकतो.

मग त्यांची निगेटिव्ह कशी, हा त्यांचा मुद्दा. होऊ शकते, आणि होते. कधी शरीर स्वतःच हा जंतू काढून टाकतं. मधल्या काळात त्यांनी घसा, दात, ताप कशासाठीही एखादं ॲन्टिबायोटिक घेतलं असेल तर त्यातच तो गेला असेल आणि त्यांना कळलंही नसेल. सँपल मधल्या धारेचं दिलं असेल किंवा नुकतीच लघवी करून गेले असतील तर असूनही सुटला असेल. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने ते निर्दोष ठरत नाहीत आणि पॉझिटिव्ह रिपोर्टने तुम्ही दोषी ठरत नाही. लॅबच्या कागदावर संसाराचा न्यायनिवाडा करू नका ही माझी दोघांनाही हात जोडून विनंती आहे. एक खरं सांगायला हवं, समजा लग्नाला पंधरा वर्षं झाली असती तर हा जंतू लग्नाआधीपासूनचा असेल असं मी म्हटलं नसतं, पण तुमचं तसं नाही.

त्यांनी गोळ्या घ्यायलाच हव्यात, टेस्ट निगेटिव्ह असली तरी. अमेरिकेची सीडीसी हेच सांगते, की लक्षणं सुरू होण्याच्या किंवा निदानाच्या आधीच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना उपचार द्यायचे. कारण सरळ आहे, तुम्ही सात दिवस गोळ्या घ्याल, बऱ्या व्हाल, आणि त्यांच्यात थोडा जरी शिल्लक असेल तर आठव्या दिवसापासून परत तिथेच. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाहीये, शरीराला त्याची टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही आणि लसही अजून आलेली नाही. त्यामुळे दोघांनी एकाच आठवड्यात कोर्स घ्यायचा, दोघांचा पूर्ण होईपर्यंत संबंध नाही. ते गायनॅककडे यायला तयार नसतील तर त्यांना एकट्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ द्या, कधीकधी पुरुषाला हे दुसऱ्या पुरुष डॉक्टरकडून ऐकलं की पटतं, मला ते आवडत नाही पण गोळ्या पोटात जाणं महत्त्वाचं. आणि घरात धमकी, मारहाण असं काही चालू असेल तर त्यांना समजावण्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना हे एकांतात सांगा आणि आधी तुमच्या सुरक्षिततेचं बघा.

मुलाबद्दल. क्लॅमिडियाची भीती आहे ती गर्भाशयाच्या तोंडापासून वर चढण्याची, तो बीजनलिकांपर्यंत गेला तर तिथे सूज येते, जखमेचे वण राहतात, नळी अरुंद होते किंवा बंद पडते, मग दिवस राहायला अडचण किंवा गर्भ नळीतच अडकणं, जे जिवावर बेतू शकतं. पण प्रत्येकीला असं होत नाही. उपचारच न घेतलेल्या दर १०० बायकांपैकी साधारण १० ते १५ जणींना ही ओटीपोटाची सूज होते, आणि त्या सगळ्यांनाही वंध्यत्व येत नाही. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं असं काही तुम्ही लिहिलेलं नाही, संबंधानंतरचं रक्त गर्भाशयाच्या तोंडाच्या सुजेने येऊ शकतं, आणि तुम्ही वेळेवर दाखवलंत. कोर्स पूर्ण केल्यावरही रक्त दिसत राहिलं तर मात्र परत जाऊन तपासून घ्या, त्याला इतर कारणंही असतात. गोळ्या संपल्या की लगेच टेस्ट करायची घाई करू नका, मेलेल्या जंतूंचे अंश काही आठवडे राहतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, तुमच्या घरात आत्ता तसा एक रिपोर्ट अजिबात परवडणारा नाही. तीन महिन्यांनी दोघांनी करा.

प्रश्न : पब्लिक टॉयलेट वापरल्याने, दुसऱ्याचा टॉवेल घेतल्याने किंवा स्विमिंग पूलमध्ये हे लागतं का? मी फार जपते तरी भीती वाटते.

उत्तर : नाही. शरीराबाहेर हा जंतू फार टिकत नाही, सीट, टॉवेल, पूल, एकत्र जेवणं, मिठी मारणं, यातल्या कशानेही लागत नाही. तो संबंधातून लागतो, योनीमार्गे, गुदमार्गे, मुखमार्गेही, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. हाताला स्राव लागून तोच हात डोळ्याला लागला तर डोळा येऊ शकतो एवढाच एक अपवाद. तुमच्या मनातली भीती काढून टाका, आणि टॉयलेटवरून आलं असेल असं सांगून कोणी विषय मिटवत असेल तर तेही खरं धरू नका.

प्रश्न : मी सहाव्या महिन्यात आहे, लघवीला जळजळ म्हणून कल्चर केलं ते नॉर्मल, नंतर डॉक्टरांनी अजून एक टेस्ट केली त्यात क्लॅमिडिया आला. बाळाला काही झालं तर? गोळ्या घेऊ की डिलिव्हरीनंतर घेऊ?

उत्तर : डिलिव्हरीपर्यंत थांबू नका, आत्ताच घ्या. तुमच्या डॉक्टरांनी कल्चर नॉर्मल आल्यावर तिथेच न थांबता पुढची टेस्ट केली हे फार चांगलं झालं. वर मी डॉक्सीसायक्लिनचं लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही, गरोदरपणात ती देत नाहीत, तुम्हाला अझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस देतील, तो गरोदरपणात सुरक्षित मानतात. तुमच्या बाबतीत एक वेगळा नियम आहे, साधारण चार आठवड्यांनी परत टेस्ट करून जंतू गेल्याची खात्री करायची, आणि तीन महिन्यांच्या आसपास पुन्हा एकदा. मिस्टरांचा उपचार त्याच आठवड्यात, आणि त्यानंतर सात दिवस संबंध नाही.

बाळाला धोका असतो तो मुख्यतः जन्माच्या वेळी, योनीमार्गातून येताना. उपचार झाले नाहीत तर काही बाळांचे डोळे जन्मानंतर पाच ते बारा दिवसांत सुजून चिकटतात आणि काहींना एक ते तीन महिन्यांचं असताना न्यूमोनिया होतो, खोकला येतो पण ताप फारसा नसतो. सहाव्या महिन्यात कळलंय म्हणजे हे सगळं टाळायला भरपूर वेळ आहे. तरी डिलिव्हरीनंतर बाळाच्या डॉक्टरांना हा इतिहास नक्की सांगा, लपवू नका, बाळाचे डोळे चिकटायला लागले तर नेमकं काय शोधायचं ते त्यांना लगेच कळेल.

प्रश्न : डॉक्टर, हा प्रश्न छापाल की नाही माहीत नाही. मी पुरुष आहे, माझा पार्टनरही पुरुष आहे. त्याला क्लॅमिडिया निघाला. माझी युरीन टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे मी सुटलो का? मला डॉक्टरांना नातं सांगायचं धाडस झालं नाही, फक्त चेकअप करायचंय म्हणालो.

उत्तर : छापणार, का नाही छापणार. तुमच्यासारखे वाचक या पानाचे तेवढेच हक्काचे आहेत.

लघवीची टेस्ट फक्त मूत्रमार्गाचं सांगते. गुदद्वारात किंवा घशात इन्फेक्शन असेल तर लघवी निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त होतो. संबंध ज्या ज्या मार्गाने असतील त्या त्या जागेचा स्वॅब घ्यावा लागतो, गुदद्वाराचा स्वॅब स्वतः घेता येतो, फार त्रासही होत नाही. तिथलं इन्फेक्शन बहुतेक वेळा काहीच लक्षण देत नाही. पण शौचाच्या वेळी दुखणं, रक्त, चिकट स्राव, जांघेत गाठी असं काही असेल तर वाट बघू नका, क्लॅमिडियाचा एलजीव्ही नावाचा एक जास्त आक्रमक प्रकार आहे त्याला डॉक्सीसायक्लिनचा कोर्स सातऐवजी २१ दिवसांचा लागतो. म्हणून डॉक्टरला नातं कळणं गरजेचं आहे, त्याशिवाय योग्य जागी टेस्टच होणार नाही. सगळं बोलणं जमत नसेल तर एका चिठ्ठीवर लिहून द्या, ‘माझा पार्टनर पुरुष आहे, त्याला क्लॅमिडिया निघालाय, मला सगळ्या जागांची टेस्ट हवीय’, एवढं पुरे. समोरच्याने नाक मुरडलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, तो तुमचा दोष नाही. पार्टनर पॉझिटिव्ह आहे म्हणजे उपचार तुम्हालाही घ्यायचेच आहेत, रिपोर्ट काहीही येवो.

प्रश्न : तिला कसं सांगू? ब्रेकअप होऊन दीड महिना झालाय, ती माझा फोन उचलत नाही. माझा कोर्स पूर्ण झाला, मी बरा आहे, आता उगाच कशाला असंही वाटतं.

उत्तर : उगाच नाही. वर लिहिलंय तसं, बाईला बहुतेक वेळा कळतच नाही, आणि तुमची जळजळ थांबली त्याच महिन्यात तिच्या बीजनलिकेकडे तो सरकत असू शकतो. तुम्हाला माहीत आहे आणि तिला माहीत नाही, हा फरक तुम्ही एका मेसेजने मिटवू शकता. माफी, जुनी भांडणं, परत येशील का, यातलं काही त्यात घालू नका. असं लिहा, ‘मला क्लॅमिडिया निघाला, उपचार झाले. तुलाही असू शकतो, लक्षणं नसली तरी. डॉक्टरकडे जाऊन टेस्ट कर आणि गोळ्या घे, सात दिवसांत जातो. उत्तर द्यायची गरज नाही.’ कोणी कोणाला दिला हा प्रश्न त्यात येऊ देऊ नका, तुम्हालाही ते माहीत नाहीये. तिने ब्लॉक केलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, काही ठिकाणी क्लिनिककडूनच नाव न घेता निरोप पाठवण्याची सोय असते.

प्रश्न : मी २१ वर्षांची, कॉलेजला आहे, एक वर्षापासून बॉयफ्रेंड आहे. मला काहीच त्रास नाही, गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेते. मग टेस्टची काय गरज?

उत्तर : त्या गोळ्या दिवस राहू देत नाहीत, जंतू मात्र अडवत नाहीत, त्याला कंडोमच लागतो आणि तोही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पहिल्या प्रश्नातल्या मुलाचं वाचलंच असेल. त्रास नाही हे ऐकून आनंद आहे, पण या आजारात त्रास नसणं म्हणजे आजार नसणं असं धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयातल्या जवळपास १२ कोटी ९० लाख लोकांना नव्याने क्लॅमिडिया झाला, तरुण वयात तो जास्त आढळतो, आणि यातल्या कित्येकांना तुमच्यासारखंच काही होत नव्हतं. म्हणूनच काही देशांत २५ वर्षांखालच्या, संबंध असलेल्या मुलींना वर्षातून एकदा ही टेस्ट करायचा सल्ला देतात.

टेस्ट अगदी सोपी आहे. बायकांमध्ये लघवीपेक्षा योनीतला स्वॅब जास्त भरवशाचा, लघवीत थोड्या केसेस सुटतात, आणि तो स्वॅब बाथरूममध्ये जाऊन तुमचा तुम्ही घेऊ शकता, आतली तपासणी लागत नाही. कापसाची काडी दोन इंच आत घालायची, दहा ते तीस सेकंद हळू फिरवायची, ट्यूबमध्ये टाकायची, झालं. पाळी चालू असेल तरी बहुतेक लॅबना चालतं, आधी विचारून घ्या. बॉयफ्रेंडला पण बरोबर घेऊन जा, त्याला फक्त डबी द्यायची आहे, आणि जाताना त्याला आठवण करा, एक तास आधी लघवीला जायचं नाही आणि पहिली धार सोडायची नाही.